शेवटच्या सेन्सरच्या अलीकडे आणि पलीकडे : वाचकांचे प्रश्न

मोटारीचा सायलेन्सर किंवा त्याच्या आधीचे भाग बदलण्यासंबंधी आलेल्या पत्रांपैकी सात पत्रे या वेळी निवडली असून त्यांचा मजकूर थोडा आटोपशीर केला आहे. बदल नेमका कोणत्या जागी केला, हाच प्रश्न बहुतेक पत्रांच्या मुळाशी असल्यामुळे पहिल्या उत्तरात धुराच्या मार्गाची जरा सविस्तर ओळख करून दिली आहे आणि पुढच्या उत्तरांत तिचाच आधार घेतला आहे.

प्रश्न : माझी पेट्रोल गाडी दोन वर्षांची असून अजून वॉरंटीत आहे. आवाज थोडा भरदार व्हावा म्हणून मी फक्त सर्वांत मागचा सायलेन्सर बदलून घेतला. डॅशबोर्डवर कोणताही दिवा लागलेला नाही. पण खिडकीची काच वर-खाली करणारी मोटर बिघडली म्हणून गाडी दाखवायला नेली, तेव्हा "सायलेन्सर बदललात, आता वॉरंटी संपली" असे मला सांगण्यात आले. हे बरोबर आहे का?

उत्तर : खिडकीच्या मोटरचा आणि सायलेन्सरचा काहीही संबंध नाही, त्यामुळे आपल्याला दिलेले उत्तर पटण्यासारखे नाही. तरीही असे का म्हटले जाते आणि कोणत्या बाबतीत ते खरे ठरते, हे समजून घेण्यासाठी धूर कोणत्या वाटेने बाहेर पडतो ते आधी पाहू.

इंजिनाच्या सिलिंडरांतून निघालेला धूर एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये एकत्र येतो, गाडीला टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा भरणारे यंत्र) असल्यास त्याचे चाक फिरवून पुढे सरकतो, मग धुरातील विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधून आणि बहुधा आवाजाची घूम कमी करणाऱ्या एका रेझोनेटरमधून जाऊन अखेर मागच्या सायलेन्सरमधून बाहेर पडतो. पेट्रोल गाडीच्या या वाटेवर साधारणपणे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात, एक कन्व्हर्टरच्या आधी आणि दुसरा त्याच्या नंतर; व्ही आकाराच्या इंजिनात दोन्ही बाजूंच्या नळ्या वेगळ्या असतील तर ही जोडी दोनदा येते. पहिला सेन्सर धुरात किती ऑक्सिजन उरला आहे ते ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, सतत कळवत राहतो आणि ईसीयू त्यावरून पेट्रोलची मात्रा कमी-जास्त करतो. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण अगदी अरुंद मर्यादेत राखले, तरच कन्व्हर्टरमधील प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम हे धातू कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे या तिन्हींचा एकाच वेळी बंदोबस्त करू शकतात. असा सेन्सर बॉशने तयार केला आणि १९७६ मध्ये तो व्होल्व्होच्या गाड्यांत प्रथम बसवला गेला. तेव्हापासून धुराची नळी ही नुसती नळी न राहता मोजमापाचे उपकरण झाली आहे, आणि सायलेन्सर बदलणाऱ्याच्या ध्यानात नेमकी हीच गोष्ट येत नाही.

इंजिनापासून शेवटच्या सेन्सरपर्यंतच्या भागाला आपण अलीकडचा भाग म्हणू आणि त्यापुढच्या भागाला पलीकडचा. आपण बदललेला सायलेन्सर पलीकडचा आहे. धूर त्याच्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच सगळी मोजमापे उरकलेली असतात, त्यामुळे दिवा लागला नाही यात नवल नाही. अशा बदलाने ताकदही फारशी वाढत नाही. वाढल्यासारखी वाटते ती बहुतांशी कानांमुळे.

आता वॉरंटीकडे वळू. मालात किंवा बांधणीत दोष निघाल्यास तो आपण दुरुस्त करून देऊ, हे उत्पादकाने दिलेले वचन म्हणजे वॉरंटी. त्या वचनातून वगळलेल्या गोष्टी पुस्तिकेत लिहिलेल्या असतात आणि त्यांत सामान्यतः दोन प्रकारची वाक्ये आढळतात. पहिल्या प्रकारच्या वाक्यानुसार बदललेला भाग आणि त्या बदलामुळे झालेले नुकसान यांची भरपाई मिळत नाही. दुसऱ्या प्रकारचे वाक्य अधिक कडक असते आणि परवानगीशिवाय केलेल्या बदलामुळे वॉरंटी रद्द होऊ शकते असे ते सांगते. या दोहोंत मोठा फरक आहे, म्हणून कोणाच्या तोंडी सांगण्यावर न जाता पुस्तिकेतील शब्द वाचावेत. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस वॉरंटी कायद्यामुळे, केवळ दुसऱ्या कंपनीचा भाग बसवला एवढ्या कारणावरून वॉरंटी नाकारता येत नाही. त्या भागामुळेच बिघाड झाला हे दाखवावे लागते. इतका स्पष्ट कायदा सर्वत्र नाही, पण कारण आणि परिणाम जोडून दाखवा, ही मागणी ग्राहक कुठेही करू शकतो.

आपण मोटर नाकारण्याचे कारण लेखी मागावे, आणि त्यासोबत पुस्तिकेतील ज्या कलमाच्या आधारे ती नाकारली त्याचा क्रमांकही मागावा. तोंडी नकार देणारे पुष्कळदा लेखी नकार देताना थबकतात. मात्र उद्या मागच्या बंपरचे प्लास्टिक उष्णतेने वाकले, बंपरमधील पार्किंग सेन्सर बंद पडले किंवा सायलेन्सर टांगणारे रबर तुटले, तर त्या तक्रारीला आपला नवा सायलेन्सर कारणीभूत असू शकतो हे मान्य करावे लागेल. नवी नळी बंपरच्या किती जवळून जाते आणि मूळचे उष्णतारोधक पत्रे जागेवर आहेत का, हे एकदा गाडी वर उचलून पाहून घ्यावे. जुना सायलेन्सर भंगारात देऊ नये.

प्रश्न : मी मॅनिफोल्डच्या जागी हेडर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळी लांब नळी असलेला मॅनिफोल्ड, बसवला आणि त्यासोबत जास्त मोकळा कन्व्हर्टर घेतला. आठवड्याभरात चेक इंजिनचा दिवा लागला आणि पी०४२० हा कोड आला. फिटर म्हणतो की मागच्या सेन्सरखाली एक स्पेसर घातला की दिवा जाईल. घालावा का?

उत्तर : पी०४२० या कोडचा अर्थ असा की पहिल्या बाजूच्या कन्व्हर्टरची कार्यक्षमता ठरलेल्या पातळीखाली गेल्याचा निष्कर्ष ईसीयूने काढला आहे. हा निष्कर्ष तो कसा काढतो ते पाहण्यासारखे आहे. कन्व्हर्टरच्या आतील मधमाशांच्या पोळ्यासारख्या जाळीवर सिरियम ऑक्साइडचा थर असतो. धुरात ऑक्सिजन जास्त असला की तो थर ऑक्सिजन साठवतो आणि कमी पडला की सोडतो. जुन्या पद्धतीच्या पुढच्या सेन्सरचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ यांच्यात सतत खाली-वर होत असतो, पण कन्व्हर्टरमधील साठवणीमुळे ही चढउतार पुसली जाते आणि मागचा सेन्सर जवळजवळ सरळ रेषा दाखवतो. मागचा सेन्सरही पुढच्यासारखाच नाचू लागला, तर साठवण संपली असे ईसीयू समजतो. मोकळ्या कन्व्हर्टरमध्ये भोके मोठी आणि संख्येने कमी असतात, धातूंचा थरही पुष्कळदा पातळ असतो, त्यामुळे नवा असूनही तो या परीक्षेत नापास होतो.

स्पेसर सेन्सरला धुराच्या प्रवाहातून बाहेर ओढतो, त्यामुळे त्याच्यापर्यंत धूर उशिरा आणि थोडा पोहोचतो आणि रेषा पुन्हा सरळ दिसते. कन्व्हर्टर त्याने सुधारत नाही. फक्त साक्षीदाराच्या डोळ्यांवर पट्टी बांधली जाते. उद्या मिसफायर होऊन, म्हणजे एखाद्या सिलिंडरमधील इंधन पेटायचे चुकून, न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊ लागले आणि आतली जाळी वितळून वाट तुंबली, तर त्याची आगाऊ सूचना देऊ शकणारा सेन्सर आपणच आंधळा केलेला असेल. प्रदूषण नियंत्रणाच्या यंत्रणेशी छेडछाड हा अनेक देशांत गुन्हा आहे, आणि कोणत्याही तपासनिसाला स्पेसर एका नजरेत दिसतो. वॉरंटीच्या दृष्टीनेही कन्व्हर्टर बदलणे ही एक गोष्ट आणि सेन्सरला फसवणे ही दुसरी. पहिलीला निवड म्हणता येते, दुसरीतून हेतू दिसतो.

म्हणून स्पेसर घालू नये. आपल्या गाडीच्या उत्सर्जन मानकासाठी मान्यता असलेला आणि पुरेसा थर असलेला कन्व्हर्टर घ्यावा. त्याआधी सेन्सरच्या अलीकडे कुठे गळती नाही ना, हे मात्र तपासून घ्यावे, कारण गळतीमुळेही हाच कोड येऊ शकतो आणि तसे असल्यास चांगला कन्व्हर्टर विनाकारण बदलला जाईल.

हेडरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावी. पुढच्या सेन्सरची जागा मूळ जागेपेक्षा बरीच लांब गेली असेल, तर त्याला धूर उशिरा आणि थंड झालेला मिळतो. झिर्कोनियाचा सेन्सर साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या वर गेल्यावरच नीट काम करतो. त्याच्या आत हीटर असतो खरा, पण त्यालाही मर्यादा असते. तार अपुरी पडल्यामुळे ती कापून झाळण्याचा मोह होतो, तो टाळावा. अनेक सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा तारेच्या आवरणातूनच आत घेतात आणि झाळल्याने ती वाट बुजते. कनेक्टर असलेली तयार जोडतार वापरावी.

प्रश्न : सायलेन्सरची मधली नळी आणि मॅनिफोल्डचे गॅस्केट बदलल्यापासून सकाळी गाडी सुरू केल्यावर "टिक-टिक" आवाज येतो आणि पाच मिनिटांनी तो थांबतो. दिवा लागत नाही, पण मायलेज निश्चित कमी झाले आहे. याचा एकमेकांशी संबंध आहे का?

उत्तर : संबंध असण्याची शक्यता दाट आहे. थंड असताना येणारा आणि धातू तापून फुगल्यावर थांबणारा असा आवाज हे मॅनिफोल्डच्या सांध्यातील गळतीचे नेहमीचे लक्षण आहे.

गळतीतून धूर फक्त बाहेर पडतो अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात नळीतून धूर सलग धारेने वाहत नाही, तो एकेका सिलिंडरच्या ठोक्यानिशी लाटांनी येतो, आणि प्रत्येक लाट पुढे गेली की तिच्या मागे क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब निर्माण होतो. त्या क्षणी सांध्यातून बाहेरची हवा आत ओढली जाते. ही फट पुढच्या सेन्सरच्या अलीकडे असली, तर त्या हवेतला ऑक्सिजन सेन्सरला दिसतो आणि तो ईसीयूला कळवतो की पेट्रोल कमी पडते आहे. पेट्रोल वास्तविक पुरेसे असते. पण ईसीयूकडे दुसरा साक्षीदार नसतो, म्हणून तो मात्रा वाढवतो. मायलेज कमी होते ते इथे. पुढे प्लगवर काजळी धरते आणि कन्व्हर्टर गरजेपेक्षा जास्त तापतो.

दिवा का लागला नाही, हेही यातूनच समजते. ईसीयूने केलेली ही दुरुस्ती स्कॅनरवर "फ्यूएल ट्रिम" या नावाने टक्क्यांत दिसते. निरोगी इंजिनात दीर्घकालीन ट्रिम साधारणपणे शून्याच्या आसपास, अधिक-उणे पाच टक्क्यांच्या आत राहते, आणि अनेक गाड्यांत ती पंचवीस टक्क्यांच्या जवळ पोहोचल्याशिवाय पी०१७१ हा, पेट्रोल कमी पडत असल्याचा, कोड येत नाही. मधल्या पट्ट्यात गाडी गुपचूप जास्त पेट्रोल पीत राहते. म्हणून सायलेन्सरचे कोणतेही काम करण्यापूर्वी आणि केल्यानंतर ट्रिमचे आकडे लिहून ठेवावेत असे मी आग्रहाने सांगतो. गाडीच्या निदान-सॉकेटला जोडायचा साधा ओबीडी स्कॅनर ते दाखवतो आणि पुढे वॉरंटीचा वाद उद्भवला तर तारखेसह असलेली ही नोंद फार उपयोगी पडते.

तपासणीसाठी इंजिन बंद आणि थंड असताना मागच्या टोकातून कमी दाबाची हवा सोडावी आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे कुठे येतात ते पाहावे. वर्कशॉपमध्ये धूर सोडण्याचे यंत्र असल्यास काम आणखी सोपे होते. सांधा पक्का करताना सिलिकॉनचा साधा सीलंट मात्र वापरू देऊ नये. त्याची वाफ सेन्सरवर बसली की तिथे सिलिकाचा थर जमतो आणि सेन्सर कायमचा मंदावतो. सीलंट लागणारच असेल तर डब्यावर तो सेन्सरसाठी सुरक्षित असल्याचे लिहिलेले असावे.

हे काम लांबणीवर टाकू नये, कारण गळती केबिनखाली किंवा हवा आत घेणाऱ्या जाळीजवळ असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो आणि त्याला ना वास असतो ना रंग. गाडीत बसल्यावर डोके जड होते का, हे घरच्यांनाही विचारावे.

प्रश्न : इंजिनाला थोडा बॅक प्रेशर लागतोच, असे काही जण म्हणतात. मी जाड नळी बसवली आणि कमी वेगात गाडीची ओढ खरोखरच कमी झाली. म्हणजे ते खरे आहे का?

उत्तर : निरीक्षण खरे आहे, कारण चुकीचे आहे. मागून येणारा दाब कोणत्याही इंजिनाला हवा नसतो, कारण पिस्टनला धूर बाहेर ढकलताना त्या दाबाविरुद्ध काम करावे लागते. इंजिनाला हवा असतो तो धुराचा वेग. योग्य व्यासाच्या नळीतून वेगाने निघालेली लाट आपल्या मागे कमी दाब सोडते आणि तो पुढच्या सिलिंडरमधील उरलासुरला धूर ओढून घेतो. नळी गरजेपेक्षा जाड झाली की कमी आरपीएमवर, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला कमी फेऱ्या होत असताना, हा वेग मंदावतो आणि ओढीचा फायदा जातो. वरच्या आरपीएमवर मात्र तीच नळी उपयोगी पडते. रोजच्या वापरातले इंजिन बहुतेक वेळ खालच्याच आरपीएमवर चालते, म्हणून मूळच्या व्यासापासून फार दूर न जाणे शहाणपणाचे.

प्रश्न : टर्बो गाडीला कन्व्हर्टर नसलेला डाउनपाइप (टर्बोच्या लगेच पुढची नळी) आणि त्यासाठीचा रीमॅप, म्हणजे ईसीयूच्या प्रोग्राममध्ये बदल, करण्याचा विचार आहे. सर्व्हिसिंगच्या आधी मूळ भाग आणि मूळ प्रोग्राम परत घालीन. कोणाला कळेल का?

उत्तर : कळण्याची शक्यता आपल्याला वाटते त्याहून बरीच जास्त आहे. अनेक उत्पादकांच्या ईसीयूमध्ये प्रोग्राम किती वेळा लिहिला गेला याची मोजणी राहते आणि मूळ प्रोग्राम परत घातला की ती आणखी एकाने वाढते. प्रोग्रामच्या मजकुरावरून काढलेला पडताळणी क्रमांकही निदान यंत्रावर वाचता येतो. कोड पुसून टाकले, तर ईसीयू स्वतःच घेत असलेल्या चाचण्यांच्या यादीपुढे "अपूर्ण" असे दिसू लागते आणि त्या पूर्ण होण्यासाठी वेगवेगळ्या परिस्थितीत काही काळ गाडी चालवावी लागते. नुकतेच काहीतरी पुसले गेले आहे हे जाणकाराला तेवढ्यावरून समजते. याशिवाय खोलून पुन्हा बसवलेल्या नटांवरच्या खुणा असतातच.

लपवण्याचा मुद्दा बाजूला ठेवला तरी हा बदल आतापर्यंतच्या सर्व बदलांपेक्षा वेगळ्या जातीचा आहे. टर्बोच्या पुढचा अडथळा कमी झाला की त्याचे चाक लवकर फिरू लागते आणि रीमॅपने टर्बोचा दाब वाढवला की इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, वाढतो. मूळ टॉर्कच्या हिशेबाने बनवलेल्या टर्बो, पिस्टन, क्लच आणि गिअरबॉक्स या सगळ्यांवर त्याचा भार येतो. मागच्या सायलेन्सरच्या बाबतीत कारण आणि परिणाम जोडून दाखवा असे आपण म्हणू शकतो. इथे ती जोडणी उत्पादकाला सहज दाखवता येते आणि इंजिनापासून गिअरबॉक्सपर्यंतच्या बिघाडाची जबाबदारी तो योग्य रीतीने नाकारू शकतो. शिवाय कन्व्हर्टरच नसल्यामुळे मागच्या सेन्सरची तपासणी प्रोग्राममधून बंद करावी लागते, म्हणजे पी०४२० च्या उत्तरात सांगितलेली पट्टी इथे थेट प्रोग्राममध्ये बांधली जाते. विमा कंपनीला न कळवता केलेला असा बदल अपघातानंतर उघडकीला आला, तर दाव्याची अडचण वेगळीच उभी राहते. वॉरंटी असेपर्यंत हा विचार सोडावा, आणि ती संपल्यावरही कन्व्हर्टरविना डाउनपाइप घेऊ नये, असे माझे मत आहे.

प्रश्न : डिझेल गाडीचा डीपीएफ, म्हणजे धुरातील काजळी अडवणारा फिल्टर, वारंवार तुंबतो. तो कापून आतून मोकळा केला तर?

उत्तर : करू नये. काजळीचे सूक्ष्म कण अडवणे हेच त्याचे काम आहे आणि तो काढणे अनेक देशांत बेकायदा आहे. त्याच्या दोन्ही बाजूंच्या दाबातील फरक मोजणारा सेन्सर आणि तापमानाचे सेन्सर आतला रिकामेपणा लगेच ओळखतात, त्यामुळे नळीसोबत प्रोग्रामही बिघडवावा लागतो. वारंवार तुंबण्याचे कारण बहुधा दुसरीकडे असते. साठलेली काजळी जाळण्यासाठी फिल्टरला सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापावे लागते, आणि रोजची धाव दोन-चार किलोमीटरची असेल तर ते जाळणे दर वेळी अर्धवट राहते. मधूनमधून सलग वेगात लांबची फेरी करावी, तेल कमी राख सोडणाऱ्या प्रकारचे आहे ना ते पाहावे, इंजेक्टर, टर्बो आणि दाबाच्या सेन्सरच्या बारीक नळ्या तपासून घ्याव्यात. तरीही तुंबत राहिला तर फिल्टर उतरवून साफ करून घेता येतो.

प्रश्न : नवा सायलेन्सर बाहेरून छान वाजतो, पण ठरावीक वेगाला आत असा घुमतो की बोलणेही ऐकू येत नाही. काचेच्या लोकरीने आणखी भरून घ्यावा का?

उत्तर : लोकर उंच पट्टीचा आवाज शोषते, आपला त्रास खर्जातला आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेरीला दोन ठोके होतात, म्हणजे २५०० आरपीएमला सेकंदाला सुमारे ८३. ही वारंवारिता केबिनमधील हवेच्या पोकळीला जुळली की सगळी गाडी ढोलासारखी घुमते. यावरचा उपाय म्हणजे मुख्य नळीला एका टोकाने बंद असलेली फांदी जोडणे. तिची लांबी लाटेच्या चौथ्या हिश्शाएवढी ठेवली की आत जाऊन परतलेली लाट मूळ लाटेला छेद देते. धूर ४०० अंशांच्या आसपास असेल तर त्यातून ध्वनी सेकंदाला साधारण ५२० मीटर वेगाने जातो, त्या हिशेबाने ८३ ठोक्यांसाठी ही फांदी दीड मीटरहून थोडी लांब भरते. मागच्या भागात धूर निवलेला असल्याने तिथे ती आखूड चालते. एवढी जागा खाली नसेल तर मूळचा रेझोनेटर परत बसवावा. बहुतेक वेळा तो काढून टाकल्यामुळेच ही घूम सुरू झालेली असते.

ही फांदी किंवा दुसरे काहीही गाडीला जागेवर वेल्ड करून घेणार असाल, तर आधी बॅटरीची ऋण तार सोडवायला सांगावी, जवळचे सेन्सर काढून ठेवावेत आणि वेल्डिंगचा अर्थचा चिमटा कामाच्या जागेच्या अगदी जवळ त्याच नळीला लावून घ्यावा. तो दूर, बॉडीच्या दुसऱ्या टोकाला लावला, तर प्रवाह वायरिंगमधून आणि ईसीयूमधून वाट काढू शकतो.